चार लांबीची पट्टी

ओव्हाळ सरांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा त्यांची मुलगी मैत्री पाच वर्षांची होती. प्रबंध विद्यापीठात दाखल झाला तेव्हा ती इंजिनियर होऊन, एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून, बेंचवर बसलेली होती. बेंचवर बसणं ही दोन हजार एक सालातली पुण्याची नवीन अवस्था. नोकरी आहे, ओळखपत्र गळ्यात आहे, एसी आहे, फक्त काम नाही. अमेरिकेत कुठल्या तरी कंपन्या बुडाल्या आणि हडपसरला एका काचेच्या इमारतीत शंभरेक पोरंपोरी दिवसभर कॉफी पीत बसली. मैत्री त्यातलीच एक.

अठरा वर्षं का लागली असं विचारलं की सर म्हणायचे, "समीकरण अवघड आहे." हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. वाघोलीच्या इंजिनियरिंग कॉलेजात आठवड्याला बावीस तास एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचं गणित, शिकवायचं, पेपर तपासायचे, सुपरविजन करायचं, धाकट्या दोन बहिणींची लग्नं पार पाडायची, यात माणूस संशोधन करणार कधी? त्यात नोंदणीची मुदत दोनदा संपली, पहिले मार्गदर्शक निवृत्त होऊन गावी गेले. आणि सरांचा स्वभावही असा, की गणितातल्या एखाद्या असमानतेत अडकले की तीन-तीन महिने तिथून हलायचे नाहीत. दुसरा माणूस पान खाऊन गप्पा मारत बसतो, तसे हे कागद घेऊन बसायचे. बायको विमल सरकारी दवाखान्यात परिचारिका. ती म्हणायची, "आमच्याकडे पेशंट एवढे दिवस ठेवत नाहीत."

सरांचा जन्म येरवड्यातला, एकोणपन्नास सालचा. घरात बुद्धवंदना सुरू झाली ती त्यानंतर सात वर्षांनी, म्हणून नाव दशरथ. "उशिरा जन्मलो असतो तर राहुल झालो असतो," असं ते स्वतःच सांगून हसायचे. वडील लवकर गेले. आई सुंदराबाईंनी नारायण पेठेत बापूराव बाइंडरकडे चाळीस वर्षं काम केलं. पानं ठोकून सारखी करायची, कडेला आरीने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. विद्यापीठाचे प्रबंध बहुतेक बापूरावांकडेच यायचे. सुंदराबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण प्रबंध हातात घेतला की विषय ओळखायच्या. इतिहासवाल्यांचे जाडजूड, शेतीवाल्यांच्यात फोटोंची पानं, आणि गणितवाल्यांचे सगळ्यांत बारीक. उसाच्या रोगावर, पेशव्यांच्या पत्रांवर, कशाकशावर दुसऱ्यांच्या पोरांनी लिहिलेले शेकडो प्रबंध त्या बाईच्या हातून डॉक्टर होऊन गेले. एकदा आपल्या पोराचा शिवायचा, एवढी एकच तिची इच्छा होती, आणि ती तिने कधी लपवली नाही.

सरांचा विषय होता लॉगॅरिथमिक कर्नल असलेली इंटिग्रल समीकरणं. हे नाव ऐकून लोक विषय बदलायचे. सुंदराबाईंनी मात्र विषय बदलला नाही, समजावून मागितला. तेव्हा सरांनी त्यांना आपल्याच वस्तीतला दाखला दिला होता. "एका ओळीत दहा घरं आहेत, असं समज. प्रत्येक घरात रेडिओ. आत जाऊन कोणाचा किती मोठा आहे ते बघायचं नाही. नुसतं एकेका दाराशी उभं राहायचं, एकूण किती आवाज येतो तो ऐकायचा, आणि त्यावरून आतले रेडिओ ओळखायचे. एवढंच माझं काम."

"त्यात वळखायचं काय?" सुंदराबाई म्हणाल्या होत्या. "तिसऱ्या घरातला उत्तरेश्वर. त्याचाच मोठा असतो."

सरांचं समीकरण एखाद्या लांब धातूच्या पट्टीवर वीज कशी पसरते, याचं. पट्टीवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक घर. लॉगॅरिथमची खोड अशी, की जवळचा आवाज बेरजेत धरला जातो आणि ठरावीक अंतरापलीकडचा वजाबाकीत. ही खोड सांभाळून उत्तर काढायची एक पद्धत सरांनी बसवली होती. पट्टीची लांबी काहीही असो, या समीकरणाला एक आणि एकच उत्तर असतं, असा सिद्धान्तही त्यांनी मांडला होता. पान एकसष्ट. पुढची दोन प्रकरणं त्याच्यावर उभी होती.

दोन हजार एकच्या जानेवारीत एकदाचा प्रबंध छापून झाला. तोपर्यंत बापूरावांच्या दुकानात गरम डिंकाचं मशीन आलं होतं. गड्डी लावा, दांडा ओढा, मिनिटात पुस्तक तयार. हाताने शिवणारं कोणी उरलं नव्हतं. सुंदराबाईंना काम सोडून दहा वर्षं झाली होती, डाव्या डोळ्याने काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नव्हतं. तरी त्या नऊ दिवस रोज येरवड्याहून बसने दुकानात गेल्या आणि पाच प्रती हाताने शिवल्या. मरून रंगाचं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. पहिली प्रत हातात तोलून त्या म्हणाल्या, "अठरा वरसं आन एवढंच?" पण म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की बापूरावांसारख्या तुसड्या माणसानेही मागवून सगळ्यांना चहा पाजला.

ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचंही सांगितलं. वर्षअखेरपर्यंत असेल तेवढं असेल. विमल रोज त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. शिवणकामाचं कोणी नाव काढलं नाही, कारण शिवायचं होतं ते शिवून झालं होतं. सर मनात म्हणायचे, बरं झालं, वेळेत झालं.

तोंडी परीक्षेची तारीख लागली ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार. परीक्षकांचे अहवाल अनुकूल आले होते. असे अहवाल आले की पुण्यात ही परीक्षा साखरपुड्यासारखी असते. सगळं ठरलेलं, पाहुणे यायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि टाळ्या. पेढ्यांचा पुडा मार्गदर्शकांच्या कपाटात आधीच येऊन बसतो.

मैत्रीला बेंचवर काम नव्हतंच. तिने वडिलांसाठी पडद्यावर दाखवायच्या स्लाइड करायला घेतल्या, आणि प्रबंधातल्या उत्तरांच्या तक्त्यापाशी येऊन थांबली.

"बाबा, एवढ्या सगळ्यात तुम्ही सहाच लांब्या घेतल्यात. एक, दोन, पाच, दहा, वीस, पन्नास. या काय नोटा आहेत का?"

"हाताने काढलंय ते. एकेका आकड्याला आठवडा लागायचा."

"मग मी प्रोग्राम लिहिते ना. पॉइंट वनने पुढे जाऊ. मस्त स्मूथ ग्राफ येईल."

ती कंपनीत गेली आणि दोन दिवस तिच्याकडून काहीच आलं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने सरांसमोर एक छापील कागद ठेवला. आलेख एकपासून चांगला निघाला होता, तीनच्या पुढे उभा चढायला लागला, चारच्या जवळ कागदाबाहेर गेला, आणि चारच्या पलीकडे एकदम तळातून, उणे बाजूने, वर येताना दिसत होता.

"तुझं काहीतरी चुकलंय," सर म्हणाले.

"मीही तेच म्हटलं. दोन दिवस बगच शोधतेय, बाबा. बग नाहीये."

सरांनी पेन्सिल घेतली. सगळ्यांत सोपी पट्टी धरली, जिच्यावर सगळीकडे विजेचा दाब सारखाच. दहा ओळींत उत्तर आलं, आणि त्याच्या खाली, भाजकात, एक साधा मुद्दा बसलेला होता: लांबीला चारने भागा आणि त्याचा लॉग घ्या. लांबीच चार असेल तर भागाकार एक. एकाचा लॉग शून्य, हे आठवीच्या पोराला ठाऊक. आणि शून्याने भागायचं नसतं, हे त्याच्याही आधी.

मग त्यांनी प्रबंधाचं एकसष्टावं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, 'व्यापकतेला बाधा न येता पट्टीची लांबी दोन धरू.' पत्राच्या सुरुवातीला 'पत्रास कारण की' लिहावं, तसं गणितवाले हे वाक्य लिहितात. लिहिणाऱ्याचं लक्ष नसतं, वाचणाऱ्याचं तर नसतंच. दुसऱ्या बऱ्याच समीकरणांत ते चालतंही. पट्टी ताणली की सगळं सारख्या प्रमाणात ताणतं. लॉगचं तसं नसतं. लांबी बदलली की तो मागे एक आकडा ठेवून जातो, आणि तो आकडा चारपाशी बरोबर असा येतो की सगळ्यांना पुसून टाकतो. चार लांबीच्या ओळीत सगळे रेडिओ चालू असू शकतात आणि एकाही दाराशी आवाज येत नाही. मग आत कोणता किती मोठा, हे ओळखणार कसं?

वाईट याचं वाटत होतं की खूण समोर होती. तक्त्यात दोनला उत्तर अधिक होतं, पाचला उणे. सरांनी ते पाहिलं होतं. खाली टीपही दिली होती: 'चिन्ह बदलते, हे अपेक्षितच आहे.' अधिकाकडून उण्याकडे जाताना वाटेत शून्य लागतं, असं धरून ते पुढे गेले होते. इथे वाटेत शून्य नव्हतं, अनंत होतं. आणि सहा लांब्यांत चारची लांबी नव्हती, कारण एक, दोन, पाच, दहा मोजायची बोटांना सवय.

मैत्री म्हणाली, "कंपनीत असतं ना, तर आम्ही चार टाइपच करू दिलं नसतं. 'कृपया दुसरी लांबी निवडा.' संपलं." मग वडिलांचा चेहरा पाहून चहा टाकायला उठली.

सरांना लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या पोटातच दुसरं काहीतरी होतं, ते कबूल करायला त्यांना संध्याकाळ लागली. त्यांना ते आवडलं होतं. चार! इतकी वर्षं ज्या समीकरणाबरोबर राहिलो त्याने पोटात हे दडवून ठेवलं होतं, आणि आपल्याला दाखवलं ते आत्ता.

मंगळवारी ते मार्गदर्शकांच्या घरी गेले. डॉ. दिगंबर मुळ्ये हे डेक्कनवर राहणारे, सरांपेक्षा चार वर्षांनी मोठे गृहस्थ. बोलणं तिरकं, मन सरळ. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अठरा वर्षांत तुमची आणि चारची गाठ पडली नाही, ओव्हाळ?"

"नाही सर."

"माझीही नाही. मी सही केलीय. हे दुसऱ्या कोणी पाहिलंय का?"

"माझ्या मुलीने."

"ती काही सिनेटवर नाही. ऐका. शुक्रवारी डॉक्टर व्हा. सोमवारी बसून चारवर स्वतंत्र शोधनिबंध लिहा. मग ही चूक राहत नाही, पुढचं संशोधन होतं. निम्मं गणित असंच पुढे गेलेलं आहे, त्यात आपण काही नवीन पाप करत नाही."

"शुद्धिपत्र जोडलं तर?"

"दोन प्रकरणांचं शुद्धिपत्र? त्याला प्रबंध म्हणतात." मग त्यांनी कागद घडी करून परत दिला. "निर्णय आपला. शुक्रवारी मी समोर बसेन आणि आपण जे बोलाल ते ऐकेन. नंतर दोष देणार नाही."

स्कूटरवरून परत येताना बंडगार्डनचा पूल ओलांडेपर्यंत सरांचं ठरलं होतं. गप्प बसायचं. एक तर भीती होती, आणि ती खरी होती. दुसऱ्या कोणाची चूक निघाली तर लोक म्हणतात, चुकला बिचारा. दशरथ ओव्हाळची चूक निघाली तर तेच लोक एकमेकांकडे बघतात. तेव्हा एकटा माणूस चुकत नाही, अख्खी वस्ती चुकते. हे सर कॉलेजात असल्यापासून पाहत आले होते. पण मनाशी त्यांनी कारण धरलं ते दुसरंच. प्रबंध परत आला तर नवीन पाच प्रती लागणार. आईच्या डोळ्यांना आता ते जमायचं नाही, म्हणजे त्या मशीनच्या डिंकाच्या होणार. आणि तिने नऊ दिवस बसून शिवलेल्या पाचही प्रती रद्दीत. तिची उभ्या आयुष्यातली एक इच्छा, ती आपण रद्दीत घालायची? आईसाठी गप्प बसायचं. हे कारण भीतीपेक्षा दिसायला बरं होतं.

घरी आले तर सुंदराबाई पलंगावर बसल्या होत्या. डोळ्यांत थेंब घातलेले, चेहरा छताकडे.

"दशरथ, ये हितं. दोन दिस झालं, ताटावर बसतोस आन उठतोस. काय झालंय?"

सरांनी आधी टाळलं. मग रेडिओच्या घरांपासून सगळं सांगितलं. सुंदराबाईंनी मध्ये एकदाच विचारलं.

"चार काय? चार हात? चार बोटं?"

"नुसते चार, आई."

"नुसतं चार कसं असंल? कापड का असंना, वार तरी असतोय."

"तेच तर त्यातलं अवघड आहे," सर म्हणाले, आणि त्या अवस्थेतही त्यांना बरं वाटलं, कारण एवढा नेमका प्रश्न त्यांना कोणा परीक्षकाने विचारला नव्हता. बिंदूंमधली अंतरं कशात मोजता यावरच त्या समीकरणाचं सगळं अवलंबून होतं.

"मग शुक्रवारी सांगनार का त्यास्नी?"

"नाही सांगणार. सांगितलं तर प्रती पुन्हा नव्याने कराव्या लागतील. तू एवढ्या कष्टाने शिवलंस. आता परत तुला..."

सुंदराबाईंनी चेहरा खाली घेतला. थेंब गालावरून ओघळले, ते त्यांनी पदराने टिपले.

"हे बघ. तुला गप बसायचं तर बस. परीक्षा तुझी हाय. पन माझ्या टाक्यांपायी गप बसलो असं मनातबी म्हनू नगंस. मी पानं शिवलीत. तुझं त्वांड शिवलं न्हाई."

आतून विमल जेवायला बोलवत होती. सर उठले, हात धुतले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

शुक्रवारी विभागातला मोठा वर्ग निम्मा भरला होता. सुंदराबाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून तिसऱ्या बाकावर विमलशेजारी बसल्या. बाहेरगावचे परीक्षक वयस्कर होते, दक्षिणेकडचे, अंगात बाराही महिने स्वेटर असावा असे. शेजारी मुळ्ये सर. मैत्री कॉम्प्युटरशी बसली होती. तिने तक्त्याच्या जागी दोन स्लाइड करून ठेवल्या होत्या, एक सहा बिंदूंची आणि एक पूर्ण आलेखाची. वडिलांना तिने हळूच विचारलं, "कुठली लावू?"

"पूर्ण."

पडद्यावर तो कागदाबाहेर जाणारा आलेख आला. सर इंग्रजीत बोलत होते, ते थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "एकसष्टाव्या पानावरचा माझा सिद्धान्त चुकीचा आहे. पट्टीची लांबी चार असेल तर तो टिकत नाही. अहवालात ही चूक आलेली नाही, म्हणून मी स्वतः सांगतो आहे."

मागून कोणीतरी, फार हळूही नाही, 'वाटलंच होतं' म्हणालं. सरांनी ते ऐकलं. कोण ते वळून पाहिलं नाही.

परीक्षकांनी आपली प्रत उघडली, एकसष्टावं पान काढलं आणि बराच वेळ वाचत राहिले. "हे मी दोनदा वाचलं होतं," ते म्हणाले, आणि ते ओशाळले होते हे सगळ्यांना दिसलं. "चारचं हे वागणं बाहेरच्या काही मंडळींना माहीत आहे. मला माहीत असायला हवं होतं. आता सांगा, चार लांबीची पट्टी आली तर तुमची पद्धत काय करेल?"

सर फळ्याकडे वळले. मंगळवारपासून ते हेच करत होते. समीकरणात एक अज्ञात स्थिरांक वाढवायचा, आणि त्याच्या बदल्यात एक अट जास्त मागायची: पट्टीवर एकूण वीज किती आहे ते सांगा. दाराशी ऐकून रेडिओ ओळखता येत नसतील तर गल्लीच्या मीटरवर एकूण किती वीज जळाली ते बघून यायचं. मग चारचं भांडण मिटतं, आणि इतर सगळ्या लांब्यांनाही तीच पद्धत लागू पडते. वीस मिनिटं ते लिहीत होते. बावीस तासांच्या एम-थ्रीत आयुष्य गेलेल्या त्या माणसाने इतकं चांगलं कधी शिकवलं नव्हतं. फळा भरला तेव्हा परीक्षक उठून पुढच्या बाकावर येऊन बसले होते.

पण नियम तो नियम. सिद्धान्त चुकलेला, हे उमेदवार स्वतःच सांगतो आहे म्हटल्यावर आज पदवीची शिफारस करता येत नाही. प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा दाखल करावा, असं परीक्षकांनी लिहून दिलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही ते लोकांना कळेना. दोघातिघांनी वाजवल्या, बाकीचे चपला शोधायला लागले. मुळ्ये सरांनी कपाटातून पुडा काढला आणि समोर धरला. "घ्या. निकाल सहा महिने थांबेल, खवा टिकायचा नाही." स्वतः त्यांनी दोन पेढे खाल्ले. मग ओव्हाळ सरांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी तसा हात कधी ठेवला नव्हता.

सुंदराबाईंना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं. विमलचा हात धरून त्या पुढे आल्या.

"झालास का डॉक्टर?"

"नाही आई. दोन प्रकरणं नवीन लिहायचीत. सहा महिने दिलेत."

सुंदराबाई मनातल्या मनात काहीतरी हिशोब करत असाव्यात, ओठ हलत होते.

"सहा म्हैने तुला दिलेत," त्या म्हणाल्या. "मला न्हाईत दिलेले. सहा डिसेंबरच्या आत लिही. तवर मला दाभनाचं भोक दिसंल."

अठरा वर्षं सरांनी समीकरणाच्या सवडीने काम केलं होतं. आता मुदत घालून दिली होती ती विद्यापीठाने नव्हे, आणि ती वाढवून मागायची सोय नव्हती. नोंदणी पुन्हा करता येते, डोळा पुन्हा करता येत नाही.

त्यांनी कॉलेजात महिन्याची बिनपगारी रजा टाकली. उत्तरेश्वरला सांगून रेडिओ बंद ठेवायला लावला. मैत्रीने तक्ते काढून दिले, या खेपेला दहाव्या-दहाव्या भागाने. एखाद्या असमानतेत अडकायला झालं की सर उठून शेजारच्या खोलीत जायचे. तिथे आई डोळ्यांशी हात धरून एकेक बोट मोजत असायची. ते परत येऊन बसायचे आणि अडलेलं पान पुढे सरकायचं. पूर्वी तीन महिने लागायचे तिथे तीन दिवस लागले. नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेला एकशे अठ्ठावन्न पानं छापून तयार झाली.

बापूरावांनी दुकानातलं मशीन आठवडाभर बंद ठेवलं. उगाच खडखड नको म्हणाले, कारण काही दिलं नाही. विद्यापीठातून परत आलेल्या जानेवारीतल्या पाच जुन्या प्रती फळीवर एका बाजूला ठेवलेल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे कोणी विचारलं नाही. सर रोज आईबरोबर गेले. पानं त्यांनी ठोकून सारखी करायची, भोकं बापूरावांनी पाडायची, शिवायचं सुंदराबाईंनी. पहिल्या दोन प्रती त्यांनी दाराच्या उजेडात बसून शिवल्या. तिसरीला दाभणात दोरा ओवायला सरांना सांगितलं. चौथीला फार वेळ लागला, एक टाका उसवून परत घातला. पाचव्या प्रतीला त्यांनी कागदाकडे बघणंच सोडून दिलं. चेहरा रस्त्याकडे, आणि बोटं कडेवरून चाचपत एकेक भोक शोधत चाललेली. सरांच्या ते लक्षात आलं. लक्षात आलंय हे तिलाही कळलं असणार, कारण हात थांबला नाही, फक्त मान आणखी थोडी वळली.

शेवटचा टाका झाला. सुंदराबाईंनी गाठ बसवली, दोरा बोटाला गुंडाळून ताणून पाहिला.

"आता तरी समदं बरोबर हाय न्हवं?"

सरांच्या अंगवळणी पडलेला एक 'हो' जिभेवर आला होता, तो त्यांनी गिळला आणि नीट विचार केला.

"मला दिसतंय तेवढं तरी बरोबर आहे, आई."

"मग बास," त्या म्हणाल्या. "कोनालाबी तेवढंच दिसतंय." आणि त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला.